डोकं खाली, चोच उलटी!

मित्रांनो, खाली वाकून, डोकं पार उलटं करून पेज पिता येईल का तुम्हाला? करून बघू नका हं! पेज नाकात जाईल आणि वर आईची बोलणी बसतील. पण एक पक्षी रोज असाच जेवतो. त्याचं नाव रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो. कुणी त्याला अग्निपंख म्हणतात.

हिवाळ्याच्या सुमारास हे गुलाबी पाहुणे ठाण्याच्या खाडीत उतरतात. ओहोटी लागली, चिखल उघडा पडला, की हजारोंची पंगत बसते. उंच काटकुळे पाय, लांब मान आणि मध्येच मोडल्यासारखी वाकलेली चोच. असं वाटतं, घडवताना कुणाचा तरी हात घसरला!

पण खरी करामत त्या वाकण्यातच आहे. सरळ चोच जराशी उघडली तर टोकाशी फट मोठी आणि मुळाशी बारीक होते. वाकड्या चोचीत ती जवळजवळ सगळीकडे सारखी राहते, आणि गाळणीला नेमकं हेच लागतं. होय, रोहिताची चोच ही गाळणीच आहे. तिच्या आतल्या कडांना केसांसारख्या बारीक झालरी असतात. जाड जीभ हातपंपाच्या दट्ट्यासारखी भराभर मागेपुढे होते. ती मागे गेली की पाणी आत, पुढे आली की पाणी बाहेर, आणि खाऊ झालरीत अडकलेला!

मोठ्या रोहिताची गाळणी जरा भरड असते. त्यात किडे, अळ्या, कोळंबीसारखे जीव अडकतात. लहान रोहिताची इतकी बारीक, की डोळ्यांना न दिसणारं शेवाळही सुटत नाही. त्यामुळे एकाच चिखलात जेवूनही दोघांची फारशी भांडणं होत नाहीत. अंगाचा गुलाबी रंगही या खाण्यातूनच येतो.

ही चोच नुसतं गाळत बसत नाही. पाणी नाचवतेसुद्धा! रोहित झटक्यानं डोकं वर उचलतो तेव्हा पाण्यात भोवरा तयार होतो आणि तळाचा गाळ, त्यातले जीव वर खेचले जातात. पाय नाचवूनही तो असेच भोवरे उठवतो. शास्त्रज्ञांनी हे २०२५ साली दाखवून दिलं. आपण इतकी वर्षं समजत होतो, की हा बिचारा शांतपणे गाळ उपसतोय!

आणि ते एका पायावर उभं राहणं? २०१७ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी मेलेल्या रोहितांवर प्रयोग केला. एका पायावर नीट ठेवलं तर मेलेला पक्षीही तोल सांभाळून उभा राहिला. दोन पायांवर मात्र राहीना! म्हणजे एका पायावर उभं राहायला त्याला स्नायूंची ताकद जवळजवळ खर्चावी लागत नाही. खाऱ्या पाण्यातून पोटात गेलेलं जास्तीचं मीठ डोळ्यांजवळच्या ग्रंथी बाहेर काढतात. ते नाकपुड्यांतून ठिबकतं.

पण इतकी खास चोच असली की पंचाईतही होते. बदकासारखं पावाच्या तुकड्यांवर भागत नाही. खाडी बुजली, गाळ विषारी झाला, तर ही गाळणी काय गाळणार? ठाणे खाडीचा काही भाग २०१५ साली अभयारण्य झाला, २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला. पण पक्ष्यांना अभयारण्याची हद्द कुठे कळते? भरतीच्या वेळी चिखल पाण्याखाली जातो, तेव्हा ते जवळच्या पाणथळींत विसाव्याला जातात, आणि त्या जागांवर बांधकामांचा डोळा असतो. २०२४ च्या मे महिन्यात तर घाटकोपरजवळ एका विमानाला धडकून तीसहून अधिक रोहित मेले.

मोठ्या रोहितांची पिल्लं जन्मतात कच्छच्या मोठ्या रणात. चिखलाच्या बुटक्या ढिगावर एकच अंडं असतं. पिल्लू बाहेर येतं ते राखाडी, आणि गंमत म्हणजे त्याची चोच चक्क सरळ! गाळता येत नाही, म्हणून आई आणि बाबा दोघंही त्याला घशातून लालसर ‘दूध’ पाजतात. पाजता पाजता त्यांचा स्वतःचा गुलाबी रंग फिका पडतो. काही आठवड्यांनी पिल्लाची चोच हळूहळू वाकू लागते. मग एके दिवशी तेही चिखलात उतरतं आणि डोकं उलटं करतं.