रुंबकची नऊ-दहा घरं आणि पाळीचा हिशोब

होमस्टेवरच्या व्हिडिओत मी रुंबकचं नाव घेतलं आणि वेळ कमी म्हणून पुढे सटकलो. ते राहिलेलं आज लिहितो. ज्यांच्या डोक्यात घरातल्या दोन खोल्या काढून पाहुणे ठेवायचं चाललंय, त्यांनी तर वाचाच.

रुंबक लडाखमध्ये, हेमिस राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत. उद्यान 1981 सालचं, गाव त्याच्या कितीतरी आधीचं. उंची साधारण 4,000 मीटर आणि घरं जेमतेम नऊ-दहा. लेहला अख्ख्या वर्षात पाऊस पडतो 100 मिलिमीटरच्या आसपास. कोकणात आषाढात एका दिवसात तेवढा होतो. म्हणजे वाळवंटच, फक्त थंड. बर्फ वितळून येणाऱ्या पाण्यावर वर्षाला एकच पीक, ते जवाचं नि वाटाण्याचं. बाकी भिस्त जनावरांवर.

आता धंदेवाल्याच्या नजरेनं बघा. तुमचं भांडवल म्हणजे वाड्यात कोंडलेल्या मेंढ्या-बकऱ्या. रात्री वरून हिमबिबट्या आत उडी मारतो. मेंढ्या बिथरून धावतात, तो एक मारून थांबत नाही. सकाळी दार उघडलं की एकाच घराचं सगळं संपलेलं असू शकतं. मग लोक त्याला मारणार नाहीत तर काय करतील? शहरात बसून त्यांना नावं ठेवू नका.

गंमत म्हणजे ट्रेकर तेव्हाही येत होते. पण तंबू, शिधा, आचारी सगळं लेहहून. गावाच्या हातात जवळपास काही नाही. रिनचेन वांगचुक या लडाखी गिर्यारोहकानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 च्या सुमारास इथे होमस्टे सुरू करायला मदत केली. मेंढ्यांच्या वाड्यांवर जाळीचं छत घालायचं कामही त्याच सुमारास चालू होतं. आधी नुकसान थांबवा, मग कमाई. हा क्रम मला फार आवडला.

पाहुण्याला देतात काय? घरचीच खोली, जमिनीवर गाद्या, स्क्यू नाहीतर थुकपा, लोणी घातलेला खारट चहा. संडाससुद्धा लडाखी पद्धतीचा कोरडा, ज्याचं पुढे शेताला खत होतं. कर्ज काढून टाइल्स बसवायची गरज पडली नाही. घर चालवणाऱ्या बायकाच धंदा चालवतात. वाटेवर लष्कराच्या जुन्या पॅराशूटखाली चहा-नाश्त्याची दुकानंही मांडली.

पण खरी मेख पाळीत आहे. पाहुणा कोणाकडे जाणार हे दर पाडून ठरत नाही, पाळीनं ठरतं. आज तुमचं घर, उद्या शेजारचं. आणि कमाईतला सुमारे 10 टक्के हिस्सा गावाच्या निसर्गनिधीत. समजा रात्रीचे 1,000 रुपये आले, तर 100 निधीला. काहींना वाटेल, हा तर भुर्दंड. अहो, पण हिमबिबट्या काही एकाच घराचा माल नाही. तो टिकला तर दहाही घरांना गिऱ्हाईक.

आणि हंगाम बघा. जानेवारी ते मार्च, लेहला जायचं तर बहुतेक वेळा विमानच, कडाक्याची थंडी. आपण त्याला मंदी म्हटलं असतं. नेमकं तेव्हाच भरल, म्हणजे निळी मेंढरं, खाली उतरतात, मागोमाग हिमबिबट्या, आणि त्याच्या मागे जगभरचे फोटोग्राफर. 2024 च्या जानेवारीत जाहीर झालेल्या सरकारी गणनेत देशातल्या 718 हिमबिबट्यांपैकी 477 एकट्या लडाखचे निघाले.

आता तुमच्या वाडीचं बोलू. ताडोब्याच्या गेटजवळ असा नाहीतर दापोलीला. ड्रायव्हर पाहुणे आपल्या मेहुण्याच्याच घरी उतरवणार, हे धरून चाला. म्हणून बोर्ड रंगवायच्या आधी एकदा बसा आणि पाळीची वही कोणाकडे राहणार तेवढं ठरवा. दराचं गणित पुढच्या व्हिडिओत घेतो.