शाळेचे सत्र आणि सहलीचा बेत

मेलबर्नच्या आग्नेयेस असलेल्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरातील मराठी कुटुंबाच्या सुट्टीचा बेत शाळेच्या वेळापत्रकावर ठरतो, कारण व्हिक्टोरिया राज्यात शालेय वर्ष चार सत्रांत विभागलेले असून मधल्या सुट्ट्या साधारण दोन आठवड्यांच्या, तर नाताळ ते जानेवारीअखेर ही उन्हाळी सुट्टी तेवढी मोठी असते. पुण्या-नाशिककडची मुले मे महिन्यात आजोळी जमतात तेव्हा येथे शाळा चालू असतात. येथील मुले जानेवारीत गावी पोहोचतात तेव्हा तिकडची मामेभावंडे दप्तर घेऊन शाळेला निघालेली असतात. ही चुकामूक मनाला लागणारी आहे, म्हणूनच आजी-आजोबांना इकडे बोलावण्याची रीत पडली आहे.

त्यांच्यासाठी हमखास आखली जाणारी सहल म्हणजे ग्रेट ओशन रोड, पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी 1919 ते 1932 या काळात बांधलेला सुमारे 243 किलोमीटरचा किनारी रस्ता. वळणे पुष्कळ असल्याने ज्येष्ठांना घेऊन एका दिवसात जाऊन येण्याचा अट्टहास न करता वाटेत मुक्काम करणेच शहाणपणाचे.

अशा वेळी आधी जाऊन आलेल्यांचे अनुभव मोलाचे ठरतात, मात्र त्यांत निव्वळ वर्णनापेक्षा तपशील हवा. उदाहरणार्थ, अशीच दुसरी सहल असलेल्या फिलिप बेटावर पेंग्विन सूर्यास्तानंतर किनाऱ्यावर येतात, म्हणजे ऐन उन्हाळ्यात रात्रीचे जवळजवळ नऊ वाजतात, बोचरा वारा सुटतो, आणि पक्ष्यांना त्रास होऊ नये म्हणून तेथे छायाचित्रे काढण्यास मनाई असते.