झाडांमधले अंतर आणि तेलाचा उतारा
(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

२०२४ च्या उन्हाळ्यात माझी थोरली बहीण बाळंतपणासाठी माहेरी आली. बाळाच्या अंगाला चोळण्यासाठी ऑलिव्ह तेलाचा डबा आणायला मला बाजारात पिटाळण्यात आले. दुकानदाराने घेतलेली किंमत घरी येऊन सांगताच आई म्हणाली, "मागच्या खेपेला एवढं नव्हतं की रे! तेल आणलास की तूप?" डब्यावर तेल स्पेनमधले असल्याचे बारीक अक्षरांत छापले होते. परिव्ययशास्त्राचा अभ्यास चालू असताना वस्तूची किंमत ऐकून गप्प बसणे बरे नव्हे, म्हणून मी या महागाईचे मूळ शोधू लागलो. त्या शोधात जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

महागाईचे पहिले कारण सरळ होते. चांगल्या वर्षी जगातील ऑलिव्ह तेलापैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास तेल एकट्या स्पेनमध्ये निघते. तेथे २०२१-२२ च्या हंगामात सुमारे १५ लाख टन तेल निघाले होते. पुढच्याच २०२२-२३ च्या हंगामात अवर्षणामुळे ते पावणेसात लाख टनांच्याही खाली आले. त्यानंतरचा हंगामही बेताचाच गेला. पुरवठा निम्म्यावर आल्यावर भाव चढणारच, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात येते. परंतु आणखी वाचत गेल्यावर असे दिसले की, हा फटका सर्व बागांना सारखा बसलेला नव्हता. एकाच प्रांतात, एकाच आभाळाखाली, कोणाच्या झाडावर ओंजळभर फळ, तर कोणाच्या ओळीत बऱ्यापैकी पीक. यात पाण्याचा भाग आहेच; पण पाणी कोणत्या बागेला देता येते, काढणी किती खर्चात होते, तेल केव्हापासून मिळू लागते, या सगळ्या गोष्टी बाग लावतानाच घेतलेल्या एका निर्णयाशी बांधलेल्या असतात. तो निर्णय म्हणजे दोन झाडांत अंतर किती ठेवायचे!

अंतर म्हणजे पाण्याचा हिशेब

प्रथम थोडे गणित करू. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. दोन ओळींतील अंतर व ओळीतील दोन झाडांमधले अंतर यांचा गुणाकार करून त्याने १०,००० ला भागले की हेक्टरी झाडांची संख्या मिळते. स्पेनच्या दक्षिणेस आंदालुसिया प्रदेशात हाएन नावाचा प्रांत आहे. तेथे डोंगरामागून डोंगर ऑलिव्हने झाकलेले असून झाडांची संख्या सहा कोटींच्या वर सांगतात. तेथील जुन्या बागांत १२ मीटर बाय १२ मीटर असे अंतर आढळते. म्हणजे हेक्टरी अवघी ६९ झाडे. हीच झाडे चौरसाऐवजी समभुज त्रिकोणाच्या कोपऱ्यांवर लावली, तर अंतर तेवढेच राखून त्याच जमिनीत ८० झाडे मावतात. नुसती मांडणी बदलून झाडांत १५ टक्के वाढ, ही गोष्ट जुन्या शेतकऱ्यांना चांगली माहीत होती.

आपल्याला वाटेल, एवढी जमीन मोकळी का सोडायची? याचे उत्तर ट्युनिशियातील स्फाक्स भागात मिळते. तेथे वर्षाला साधारण २०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या बेळगावात एकट्या जुलै महिन्यात याहून अधिक पडतो! स्फाक्सच्या बागांत झाडे २४ मीटर बाय २४ मीटरवर आहेत, म्हणजे हेक्टरी फक्त १७. वर मोकळी दिसणारी जमीन खाली मोकळी नसते. झाडाची मुळे दूरवर पसरून त्या सगळ्या जमिनीत मुरलेले पाणी गोळा करतात. प्रत्येक झाडाला ५७६ चौरस मीटर जमिनीवरचा पाऊस बांधून दिला आहे, असेच म्हणा ना. तेथे मध्ये एक झाड वाढवणे म्हणजे चौघांच्या ताटात पाचवा वाढणे होय.

रोमन काळातही हा विचार झालेला दिसतो. आजच्या स्पेनमधील कादिस येथे जन्मलेल्या कोलुमेल्ला या लेखकाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात तो सुपीक जमिनीत ऑलिव्हसाठी ६० फूट बाय ४० फूट आणि हलक्या जमिनीत २५ फूट अंतर सुचवतो. हे उलटे वाटते, पण कारण साधे आहे. सुपीक जमिनीत मधल्या पट्ट्यात धान्य पेरायचे असे. म्हणजे अंतर ठरवताना केवळ झाडाचा नव्हे, तर घराच्या भाकरीचाही विचार होता.

सूर्यप्रकाश आणि तेल

पाण्याची सोय झाली की दुसरी अडचण उभी राहते, ती उन्हाची. ऑलिव्हचे फळ मागच्या वर्षी वाढलेल्या कोवळ्या फांदीवर येते. ती फांदी सावलीत वाढली असेल तर तिच्यावर मोहोर कमी येतो, फळ लहान राहते आणि फळातील तेलाचे प्रमाणही घटते. कारण तेल ही शेवटी पानाने उन्हात तयार केलेल्या अन्नाचीच साठवण आहे. म्हणून दाट बागेत झाडाच्या शेंड्याला भरपूर तेलाची फळे आणि बुडाशी नुसती सुकलेली काटकी, असा प्रकार होतो. साधारण पाच किलो फळांपासून एक किलो तेल निघते. साखर कारखान्यांच्या आपल्या भागात 'उतारा' हा शब्द शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तोच शब्द येथेही लागू पडतो.

यात एक गंमत आहे. पाणी दिलेल्या झाडाच्या फळात पाण्याचा अंश जास्त असल्याने शेकडा उतारा कमी दिसतो. पण फळेच एवढी जास्त असतात की हेक्टरी एकूण तेल वाढते. त्यामुळे नुसता उताऱ्याचा आकडा पाहून बागेची परीक्षा करू नये. उतारा आणि हेक्टरी वजन, दोन्ही पाहावीत.

तीन पद्धती

आज ऑलिव्हच्या बागा ढोबळमानाने तीन पद्धतींच्या आढळतात.

पहिली पारंपरिक, हेक्टरी ७० ते १०० झाडांची, बहुधा कोरडवाहू. हाएनमध्ये जुन्या काळी एकाच जागी दोन-तीन रोपे लावत, त्यामुळे एका झाडाला दोन-तीन बुंधे असतात. झाडाखाली जाळी पसरून लांब काठ्यांनी फळे झोडपून पाडायची, ही तेथील काढणी.

दुसरी सघन, हेक्टरी २०० पासून ४०० पर्यंत झाडांची. उदाहरणार्थ, ७ मीटर बाय ५ मीटरवर २८६ झाडे बसतात. येथे झाडाला एकच बुंधा ठेवतात, कारण बुंधा पकडून झाड गदागदा हलवणारे यंत्र वापरायचे असते. तीन बुंध्यांच्या झाडाला हे यंत्र तीनदा लावावे लागते आणि वेळ तिप्पट जातो.

तिसरी अतिसघन. ही १९९० च्या दशकात स्पेनच्या ईशान्येकडील कॅतालोनियात सुरू झाली. ४ मीटर बाय १.५ मीटर अंतर, हेक्टरी १,६६७ झाडे! येथे झाड हे झाड राहतच नाही. सगळी ओळ मिळून एक हिरवे कुंपण तयार होते. द्राक्षे तोडण्याच्या यंत्रावरून बनवलेले उंच यंत्र ओळीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून चालत जाते आणि फळे झाडून घेते. एक हेक्टरची काढणी दोन तासांच्या आसपास आटोपते.

या कुंपणाचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ओळींत ४ मीटर अंतर असेल तर हेक्टरमध्ये २,५०० मीटर लांबीची ओळ बसते. उंची २.५ मीटर धरली, तर दोन्ही बाजू मिळून १२,५०० चौरस मीटरची हिरवी भिंत होते. म्हणजे जमिनीपेक्षा पानांची भिंत मोठी! मग ओळी ३ मीटरवर का आणू नयेत? तसे केले तर भिंत कागदावर १६,६६७ चौरस मीटरची होईल. पण एका भिंतीची सावली दुसरीच्या बुडाशी पडेल आणि खालचा भाग नापीक होईल. म्हणून भिंतीची उंची साधारणपणे मधल्या मोकळ्या पट्ट्याच्या रुंदीएवढी ठेवावी, असा व्यवहारी नियम आहे. ओळी शक्यतो दक्षिणोत्तर ठेवतात. त्यामुळे सकाळचे ऊन एका बाजूला आणि दुपारनंतरचे दुसऱ्या बाजूला मिळते.

जास्त झाडे, म्हणजे जास्त तेल?

येथे माझा स्वतःचा समज चुकला होता. झाडे चोवीसपट, तर तेलही निदान पाच-दहापट असेल, असे मी धरून चाललो होतो. तसे होत नाही. जमिनीवर पडणारे ऊन आणि मिळणारे पाणी ठरलेले असते. त्यांचा पूर्ण उपयोग करील एवढा पानोळा एकदा तयार झाला, की मग तो २८६ झाडांचा आहे की १,६६७ झाडांचा, याने हेक्टरी उत्पन्नात फारसा फरक राहत नाही.

मग दाट लागवडीने मिळते काय? एक, वेळ. दूर लावलेल्या झाडांना आपली जागा भरून काढायला दीड-दोन दशके लागतात. कुंपणाची बाग तिसऱ्या-चौथ्या वर्षीच काढणीला येते. ज्याने कर्ज काढून बाग लावली, त्याच्या दृष्टीने भांडवल लवकर परत येणे ही केवढी मोठी गोष्ट आहे! दोन, मजुरी. पारंपरिक बागेत एकूण खर्चाच्या निम्म्याच्या आसपास खर्च काढणीवरच होतो. यंत्राने तो एकदम खाली येतो. शिवाय तोडलेली फळे त्याच दिवशी गिरणीत जात असल्याने तेलाची प्रतही चांगली राहते.

पण जमाखर्चाला दुसरी बाजू असतेच. हजारो रोपे, ठिबकच्या नळ्या, दरवर्षीची छाटणी यांचा खर्च मोठा. कुंपणाची बाग पंधरा-वीस वर्षांनी उतरणीला लागू शकते, तर जुने झाड शेकडो वर्षे फळते. म्हणजे घसाऱ्याचा दर दोन्हीकडे वेगळा धरायला हवा. दाट, ओलसर पानोळ्यात पानांवरील बुरशीजन्य रोग बळावतात. कुंपणात कोणतीही जात चालत नाही. आर्बेकिना, आर्बोसाना, कोरोनेइकी अशा बेताने वाढणाऱ्या मोजक्याच जाती लागतात. हाएनची जुनी जात पिक्वाल. तिचे तेल कडवट पण फार टिकाऊ. आर्बेकिनाचे गोडसर पण लवकर खवट होणारे. म्हणजे झाडांमधले अंतर बदलले की तेलाची चवसुद्धा बदलते. दोन्हींचा गुण साधण्यासाठी कोर्दोबात या दोन जातींचा संकर करून सिकितिता ही जात काढण्यात आली आहे. यंत्रांचे आणखी एक अपश्रेय असे की, रात्रीच्या काढणीत कुंपणात झोपलेले पक्षी मरू लागले. त्यामुळे २०१९ साली आंदालुसियात रात्रीची यांत्रिक काढणी थांबवावी लागली.

डोंगरावरच्या बागेचे काय?

सर्वांत कठीण प्रश्न माणसांचा आहे. हाएनच्या डोंगरउतारावर, तीन बुंध्यांच्या झाडांमध्ये, हे उंच यंत्र चालूच शकत नाही. तेथे काढणी हातानेच होणार आणि तेलाचा उत्पादनखर्च सपाटीवरच्या कुंपणापेक्षा जास्तच राहणार. बाजारभाव मात्र दोघांना एकच. भाव चढलेला असतो तेव्हा हे खपून जाते. पडला की डोंगरावरची बाग प्रथम तोट्यात जाते. मग फळ झाडावरच सोडून द्यायचे, पोरांनी शहरात जायचे, आणि हिवाळ्यातील काढणीच्या मजुरीवर जगणारी कुटुंबे उघडी पडायची. उलट, सगळ्यांनीच सपाटीवर कुंपणे उभारली, तर ग्वादालकिवीर नदीचे पाणी पुरणार किती दिवस? २०२२ च्या दुष्काळात ठिबकवाल्यांच्याही वाट्याचे पाणी कापले गेले होते, हे विसरून चालणार नाही.

यावर तेथील शेतकरी दोन उपाय करताना दिसतात. एक सहकाराचा. स्पेनमधील बरेचसे तेल सहकारी गिरण्यांतून निघते. दुसरा, आपल्या प्रदेशाच्या नावाने तेल वेगळे विकण्याचा. हाएनमधील सिएरा माहिना हे असेच संरक्षित नाव आहे. खर्च कमी करता येत नसेल, तर वस्तूची ओळख वाढवावी, हा त्यातला विचार.

आपल्याकडे राजस्थान सरकारने २००७ पासून इस्रायलच्या मदतीने ऑलिव्हची लागवड ठिबकवर करून पाहिली आणि २०१४ मध्ये बिकानेर जिल्ह्यातील लूणकरणसर येथे तेलाचा कारखाना सुरू झाला. बेळगावात हे झाड लावा, असे मात्र मला सुचवायचे नाही. त्याला मोहोरासाठी हिवाळ्याची थंडी लागते आणि उन्हाळा कोरडा लागतो. आपल्या पावसात त्याचा निभाव लागणे कठीण. पण आंबा, काजूची बाग लावताना 'एकरी किती झाडे?' हा प्रश्न आपल्याकडेही विचारला जातो आणि जास्त आकडा ऐकून आपण खूश होतो. त्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. पाणी कोणाचे आणि किती वर्षे पुरेल? खालच्या फांदीला ऊन मिळेल का? काढणी कोण करणार? आणि पैसे परत यायला लागणारा काळ मोठा की बागेचे आयुष्य मोठे?

माझे आजोबा शिकलेले नव्हते. आमच्या परड्यातले आंबे लावताना त्यांनी खड्ड्यांमधले अंतर पावलांनी मोजले होते. "आज मोकळं दिसतंय, म्हणून मध्ये काही खुपसू नका, झाड वाढणार हाय," असे ते म्हणत. स्पॅनिश भाषेत ऑलिव्हच्या फळाला 'आसेइतुना' म्हणतात आणि हिंदीत 'जैतून'. दोन्ही शब्द एकाच अरबी शब्दापासून आले आहेत. आपल्या या अंकाच्या दोन विभागांतही असाच एक शब्द समान आहे. मराठीत 'अंतर' आणि कन्नडातही 'अंतर'. ते किती ठेवायचे, हे मात्र ज्याने त्याने आपले पाणी, ऊन आणि माणसे पाहून ठरवायचे असते.