दात सरळ करण्याचे वय : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वेडेवाकडे किंवा पुढे आलेले दात सरळ करण्याच्या उपचारांविषयी कोल्हापूर परिसरातील घराघरांत दोन समजुती एकाच वेळी नांदतात. मुलांच्या बाबतीत ‘दुधाचे सगळे दात पडू देत, मग बघू’ असे म्हटले जाते आणि तिशी ओलांडलेल्या माणसाला ‘आता या वयात कसल्या तारा’ असे सांगून गप्प केले जाते. दोन्ही समजुतींच्या मुळाशी एकच घोटाळा आहे : जबड्याची वाढ आणि हाडातून दात सरकण्याची क्रिया या निरनिराळ्या गोष्टी असून पहिलीला वयाची मर्यादा आहे, दुसरीला ती नाही. हा भेद लक्षात न घेतल्याने मुलांना उशिरा नेले जाते आणि मोठ्यांना नेलेच जात नाही.

दात हाडात रोवलेला असला तरी तो हाडाला थेट चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्या दरम्यान तंतूंचा सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा पडदा असतो. तारेचा हलका दाब दातावर पडत राहिला की ज्या बाजूला हा पडदा दाबला जातो तेथील हाड पेशी झिजवतात, ज्या बाजूला तो ताणला जातो तेथे दुसऱ्या पेशी नवे हाड घालतात, आणि दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. उपचाराला बहुधा दीड ते दोन वर्षे लागतात ती यामुळेच. मुलीचे लग्न ठरल्यावर चार-सहा महिन्यांत दात सरळ करून द्यावेत ही अपेक्षा त्यामुळे सहसा पूर्ण होत नाही. जास्त दाब दिल्याने गती वाढत नाही, उलट दाबलेल्या भागातील रक्तपुरवठा खुंटून दात अडून राहतो आणि मूळ झिजण्याचा धोका वाढतो.

मुलांच्या बाबतीत पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत व्हावी, अशी अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांच्या, म्हणजे दात व जबड्यांची ठेवण सुधारणाऱ्या तज्ज्ञांच्या, संघटनेची शिफारस आहे. या वयाला कारण आहे. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ उगवते. ती येताना कोणताही दात पडत नसल्यामुळे पालक तिला दुधाचीच समजतात आणि कीड लागली तरी ‘पडणारच आहे’ म्हणून दुर्लक्ष करतात. खऱ्या दुधाच्या दाढांबाबतही हे दुर्लक्ष महागात पडते, कारण त्या आपल्याखालच्या कायमच्या दातांची जागा राखून असतात. दुधाची दाढ किडून वेळेआधी काढावी लागली तर मागची दाढ पुढे झुकते, जागा आटते आणि नवा दात वाकडा येतो किंवा हाडातच अडकतो. अशा वेळी जागा राखणारी छोटी कडी बसवणे हा साधा उपाय पुढचा मोठा उपचार पुष्कळदा टाळतो किंवा सोपा करतो. तो फारच कमी पालकांना ठाऊक असावा, ही खेदाची गोष्ट आहे.

जबड्याच्या वाढीशी निगडित उपचारांची वेळ मात्र खरोखरच टळून जाते. वरचा जबडा अरुंद असेल तर टाळूच्या मध्यावरील सांधा पक्का होण्यापूर्वी तो रुंद करता येतो. वरचा जबडा मागे राहून खालचे दात पुढे येत असतील तर चेहऱ्यावर लावण्याच्या साधनाने तो पुढे ओढण्याचे काम साधारण दहाव्या वर्षाच्या आत अधिक साधते. आणि खालचा जबडा मागे असेल तर वयात येतानाच्या वाढीच्या काळात ट्विन ब्लॉक वापरतात. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ साली तयार केलेले हे साधन म्हणजे वर-खाली बसणारे दोन ठोकळे असून त्यांच्यामुळे तोंड मिटताना खालचा जबडा पुढे येतो. मुलींची ही वाढ मुलांपेक्षा आधी होते, हेही लक्षात ठेवायला हवे.

याचा अर्थ सातव्या वर्षी प्रत्येक मुलाला तारा लावाव्यात असा नाही. वरचे दात पुढे आलेल्या मुलांवर लहानपणी एकदा व पौगंडावस्थेत पुन्हा असे दोन टप्प्यांत उपचार केले काय आणि एकाच टप्प्यात उशिरा केले काय, अखेरचा परिणाम जवळपास सारखाच येतो, असे तुलनात्मक चाचण्यांतून दिसले आहे. लवकरच्या उपचाराचा ठळक फायदा एवढाच, की पडझडीत पुढचे दात तुटण्याचा धोका घटतो. तसेच सात ते बारा वर्षांच्या दरम्यान वरच्या पुढच्या दातांमध्ये दिसणारी फट अनेकदा सुळे उतरल्यावर आपोआप मिटते, म्हणून ती पाहून घाबरून जाण्याचे कारण नसते.

प्रौढांसाठी वय आड येत नाही. आड येऊ शकतात त्या हिरड्या. मिश्री लावणे व तंबाखू खाणे या भागात अजूनही रुजलेले आहे. तंबाखूने हिरड्यांचा आजार बळावतो, दाताभोवतीचे हाड खचते, आणि अशा दातांवर तारेचा दाब दिला तर ते अधिक हलू लागतात. त्यामुळे आधी हिरड्या बऱ्या करणे अटळ ठरते. त्यानंतर चाळिशी-पन्नाशीतही दात सरकवता येतात. दोष जबड्याच्या हाडातच मोठा असेल तर मात्र वाढ थांबल्यामुळे तारांबरोबर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

उपचारासाठी दात काढला की नजर अधू होते, ही भीती पूर्णपणे निराधार आहे. दातांची संवेदना मेंदूकडे पोहोचवणारा मज्जातंतू पाचवा आणि दृष्टीचा दुसरा. दोघांचे मार्ग वेगळे आहेत. जागा फारच कमी असेल तेव्हा सहसा सुळ्यामागच्या उपदाढा काढल्या जातात, पण प्रत्येक रुग्णाला त्याची गरज नसते. अक्कलदाढ पुढच्या दातांना ढकलून वाकडे करते हा समजही संशोधनात टिकलेला नाही.

साधनांच्या निवडीत धातूच्या तारा जुनाट आणि पारदर्शक साचे, म्हणजे अलायनर, सर्वांसाठी श्रेष्ठ असे मानले जाऊ लागले आहे. अलायनर काढता येतात, ही त्यांची सोय आहे आणि तीच त्यांची अडचणही, कारण दिवसातून वीस-बावीस तास घातले नाहीत तर दात ठरल्याप्रमाणे सरकत नाहीत. पुष्कळ वळलेल्या दातांसाठी किंवा दात काढून केलेल्या उपचारात चिकटवलेल्या तारा अधिक भरवशाच्या असतात. तपासणीशिवाय घरपोच साचे मागवणे तर धोक्याचेच : स्माइल डायरेक्ट क्लब ही अमेरिकी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली तेव्हा उपचार अर्धवट राहिलेल्या ग्राहकांना वाली उरला नाही. उपचार हा चेहरा, हाड व दात तपासणाऱ्या माणसाकडून व्हायला हवा, आणि त्या माणसाने बीडीएसनंतर ऑर्थोडॉन्टिक्समधील तीन वर्षांचे एमडीएस केले आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा. खाजगी दवाखान्याचा खर्च न झेपणाऱ्यांना हातकणंगले तालुक्यातील नवे पारगाव येथील तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आणि सांगलीकडील दंत महाविद्यालये जवळची आहेत. शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांत खर्च सहसा कमी येतो, फेऱ्यांना मात्र वेळ द्यावा लागतो.

तारा असताना ऊस दाताने सोलणे, मटणाची नळी फोडणे, चिक्की आणि भडंगातील कडक दाणे चावणे यांनी दातांवर चिकटवलेल्या पट्ट्या सुटतात. गूळ व काकवी तारांच्या कडेला चिकटून राहिली तर दातांवर पांढरे डाग पडतात आणि ते तारा निघाल्यावरही राहतात. म्हणून प्रत्येक जेवणानंतर ब्रश करणे हा उपचाराचाच भाग मानावा. आणि तारा निघाल्या म्हणजे उपचार संपला असेही नाही : दाताभोवतीचे ताणलेले तंतू त्याला जुन्या जागी ओढत राहतात, त्यामुळे दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर प्रथम जवळजवळ दिवसभर आणि पुढे अनेक वर्षे रात्री वापरावा लागतो.