चर्चची पत आणि वसईचं पाणी

वसईतलं चर्च रविवारच्या मिस्सेपुरतं कधीच नव्हतं. इथला शेतकरी केळी, पानवेल आणि फुलांवर जगायचा. हंगाम बिघडला की सावकाराच्या दारात उभा राहायचा. पापडीचे धर्मगुरू मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी 1918 मध्ये त्यावर सहकारी पतपेढीचा उपाय काढला. तीच आजची बॅसीन कॅथलिक बँक. उपदेशापेक्षा कमी व्याजाचं कर्ज त्या घडीला जास्त गरजेचं होतं, हे ओळखणारा धर्मगुरू गावाला लाभला.

पुढे चर्च भाषेनंही लोकांच्या जवळ आलं. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) उपासना लॅटिनमधून लोकभाषेत आली. वसईत ती मराठीत होऊ लागली. ‘सुवार्ता’ हे चर्चचं मराठी मासिक मात्र त्याआधीपासूनच निघत होतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो संपादक झाल्यावर त्याचा वाचक चर्चच्या कुंपणापलीकडेही वाढला.

पण चर्चची खरी कसोटी लागली ती पाण्यावर. मुंबई वसईच्या वेशीपर्यंत येऊन ठेपली, इमारती उभ्या राहू लागल्या आणि बागायतीतल्या विहिरींचं पाणी टँकर भरभरून जाऊ लागलं. ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या झेंड्याखाली दिब्रिटो रस्त्यावर उतरले. सोबत सगळ्या धर्मांचे वसईकर होते, कारण विहीर आटली की शेजाऱ्याचीही आटते. तेव्हा वसईत बिल्डर-गुंडांची दहशत होती आणि त्यांच्याविरुद्ध उघड बोलणं जिवावरचं काम होतं.

याच दिब्रिटोंना 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं. हा मान मिळालेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू.