जुने पनवेल ते नवीन पनवेल, पायी

पनवेलमध्ये कोणाचा पत्ता विचारला की समोरचा माणूस आधी उलट विचारतो, "जुने की नवीन?" दोहोंमधले अंतर दोन-अडीच किलोमीटर. धडधाकट माणूस ताशी साडेचार-पाच किलोमीटर चालतो, म्हणजे ही अर्ध्या तासाची चाल. तरी "चला, चालत जाऊ" असे सहसा कोणी म्हणत नाही. रिक्षा केली जाते किंवा दुचाकी काढली जाते. जे रोज चालतात त्यांच्यापुढे बहुधा दुसरा उपाय नसतो : घरकामाच्या बाया, नाक्यावरचे मजूर, डोक्यावर पाटी घेतलेल्या भाजीवाल्या, बसच्या पैशांची बचत करणारी कॉलेजची पोरे. गेली काही वर्षे मी ही चाल वेगवेगळ्या ऋतूंत, वेगवेगळ्या वेळी करून पाहतो आहे. ही दोन्ही गावे, प्रत्येक आपल्या रीतीने, चालणाऱ्याला धरून वसली आहेत. चालणारा हरवतो तो दोहोंच्या मधल्या पट्ट्यात.

जुन्या गावापासून सुरुवात करू. पनवेल हे मूळचे बंदर. गाढी नदी खाडीला मिळते तिथे गलबते लागत. मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीने पनवेलला उतरे आणि पुढे पायी, घोड्यावर, पालखीत नाहीतर बैलगाडीने खोपोलीकडे निघे. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि देशावरचा माल थेट चाकांवरून बंदरात येऊ लागला. बैलगाडीची चाके बनवणे हा त्या काळी इथला नावाजलेला धंदा होता. घाटावरचे गाडीवान परतताना इथून चाकांची जोडी घेऊन जात. १८५२ मध्ये पनवेलला नगरपालिका मिळाली. १८६३ मध्ये बोरघाटातली रेल्वे पुरी झाली, पण ती कल्याण-कर्जतच्या वाटेने. पनवेल बाजूला पडले.

या बाजूला पडण्याचा एक फायदा झाला, असे मला वाटते. गावाचे माप माणसाच्या पावलाचेच राहिले. कोळीवाडा, मोहल्ले, बाजारपेठ, बेने इस्रायलांचे बेथ एल प्रार्थनालय, वडाळे, कृष्णाळे आणि इस्राएल ही तळी, सगळे एकमेकांपासून चालण्याच्या टप्प्यात. १८७२ साली सुरू झालेला धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखानाही याच पनवेलचा. आजही पेठेतल्या गल्ल्यांत पदपथ नावालाच आहे. दुकानांचा माल आणि लावलेल्या दुचाकी त्यावर बसल्या आहेत. पण तिथे वाहनच चालणाऱ्याच्या वेगाने सरकते, म्हणून भीती वाटत नाही. पदपथ नसणे आणि चालता न येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पेठेत कळते.

नवीन पनवेलची गोष्ट निराळी. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. सिडकोच्या वसाहती सेक्टरांच्या. शाळा, बाजार, मैदान आणि दवाखाना घराजवळ असावा, हा त्यामागचा विचार जुना आहे. अमेरिकेत क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये शेजारवस्तीचा आराखडा मांडला, त्यात मुलाला मोठा रस्ता न ओलांडता शाळेत जाता यावे, ही मुख्य अट होती. नवीन पनवेलच्या आतल्या रस्त्यांवर, झाडांच्या सावलीत संध्याकाळी फिरणारी म्हातारी माणसे पाहिली की हा विचार अगदी वाया गेला नाही हे पटते. पण पेरींच्या आराखड्यात मोठे रस्ते वस्तीच्या कडेला असतात. एका वस्तीतून दुसरीत पायी जाणाऱ्याचे काय, याचे उत्तर त्यात फारसे नाही. आपणही ते शोधले नाही.

या दोन पनवेलांच्या मध्ये काय आहे? आधी मुंबई-पुणे जुना महामार्ग आणि त्याच्या कडेचा एसटी स्टँड. मग रेल्वे. साठच्या दशकात दिव्याहून रूळ आले आणि १९९८ मध्ये हार्बरची लोकल पनवेलपर्यंत पोहोचली. तेव्हापासून दोन्ही गावांचे रोजचे तोंड स्टेशनाकडे वळले. स्टेशन हे दोन्हींचे दार आहे आणि दोन्हींमधली भिंतही.

पेठेतून निघालेला माणूस आधी महामार्गाशी अडतो. लांबची वाहने आता उड्डाणपुलावरून जातात, हे खरे. पण पुलाखाली एसटी, शहर बस, रिक्षा आणि वळसा घेणाऱ्या मोटारी एकत्र येतात आणि खांबांमुळे येणारे वाहन उशिरा दिसते. वरच्याचा वेळ वाचला, खालच्याचा धोका मात्र कायम राहिला. पुढे स्टेशनाकडे जाताना चालणारा रिक्षांच्या रांगेला खेटून जातो.

स्टेशन आले की कायदा आडवा येतो. रूळ ओलांडणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार गुन्हा. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. ते योग्यच आहे. पण फलाटावर पाऊल ठेवायचे तर तिकीट हवे. फलाट तिकीट १० रुपयांचे, दोन तासांपुरते. गाडीत न बसता फक्त पलीकडे जायचे असलेला माणूस रेल्वेच्या लेखी प्रवासीच नाही. त्याला उरतो रुळांवरचा उड्डाणपूल. तो वाहनांच्या चढाचा बांधलेला, लांब वळशाचा, आणि भर उन्हात सावलीचा एक तुकडा नसलेला.

"पादचारी पूल बांधा" हा आपल्याकडचा ठरलेला उपाय. थोडा हिशेब करू. महामार्गावर पुलाखाली सुमारे साडेपाच मीटर मोकळी उंची ठेवतात. पुलाची जाडी धरली तर सहा मीटर. पायरी १५ सेंटिमीटरची धरली तर ४० पायऱ्या चढायच्या आणि ४० उतरायच्या. पावसाळ्यात शेवळे, टाकळा, कंटोली घेऊन पनवेलच्या बाजारात येणाऱ्या ठाकूर-कातकरी बायांच्या डोक्यावर ओझे असते. गुडघे दुखणारी माणसे असतात, कडेवर मूल असलेली आई असते. रिकाम्या हातांचा तरुण माणूस मनात धरून पूल बांधायचा आणि तो कोणी वापरत नाही म्हणून लोकांनाच बेशिस्त ठरवायचे, हे मला पटत नाही.

कळंबोलीकडे तर प्रश्न आणखी मोठा. शीव-पनवेल महामार्ग कळंबोलीपर्यंत दहा पदरी झाला. साडेतीन मीटरचा एक पदर धरला तर नुसते पदरच ३५ मीटर. अभियंते चालणाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात; म्हणजे न थांबता ओलांडायला अर्धा मिनिट, म्हाताऱ्या माणसाला त्याहून जास्त. कळंबोलीहूनच सुरू होणाऱ्या द्रुतगती मार्गावर पादचाऱ्याला मुळात बंदीच आहे. ती बंदी निदान स्पष्ट तरी आहे. इतर रस्त्यांवर तो हक्काचा असूनही त्याला जागा नाही.

चालणारे थोडे आहेत म्हणावे, तर तेही नाही. २०११ च्या जनगणनेने कामावर कसे जाता, हे विचारले. शेती आणि घरगुती उद्योग वगळून देशात सुमारे २० कोटी कामकरी होते. त्यांतले सुमारे साडेचार कोटी पायी जात होते. सायकल, मोटारसायकल किंवा बस, यांपैकी कोणत्याही एका साधनाने जाणाऱ्यांपेक्षा हे जास्त. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत पदपथाची अडथळ्याविना रुंदी किमान १.८ मीटर आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, असे लिहिले आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्याचा पदपथावरचा हक्क संविधानाच्या २१व्या कलमात येतो असे सांगितले. नियम आहेत, निवाडाही आहे.

माझ्या मते अडचण पैशांची कमी आणि मालकीची जास्त आहे. या अर्ध्या तासाच्या वाटेवर महामार्गाचा कारभार एकाकडे, स्टँड एसटीकडे, स्टेशन रेल्वेकडे, नवी वसाहत सिडकोने वसवलेली. ऑक्टोबर २०१६ मध्ये पनवेल महापालिका झाली आणि जुने गाव, सिडकोच्या वसाहती आणि आसपासची खेडी कागदावर एक शहर झाली. पण प्रत्येक खाते आपल्या हद्दीपुरता रस्ता नीट करते. एकाचा पदपथ जिथे संपतो तिथे दुसऱ्याचे गटार सुरू होते आणि चालणारा नेमका तिथेच रस्त्यावर उतरतो.

चैत्रात आगरी-कोळ्यांच्या पालख्या एकवीरेला कार्ल्याला निघतात, तेव्हा याच जुन्या महामार्गाने माणसे रांगेने, गात चालत असतात. पुढे झेंडा असतो, कडेला स्वयंसेवक, आणि मोटारी आपण होऊन मंद होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पुलाखालून नवीन पनवेलकडे निघालेली कामवाली बाई तोच रस्ता एकटी ओलांडते. तिला एखादा उंचवटा, एक सिग्नल, एक दिवा आणि स्टेशनातून बिनतिकिटाची आरपार वाट एवढे पुरेल. यातली एकही गोष्ट नव्या पुलाइतकी महाग नाही.