चिबड जमिनीतील मुळे

चिबड जमिनीतील मुळे : पाण्याचा निचरा न झाल्याने जिच्यातील मातीच्या कणांमधील पोकळ्या दीर्घकाळ पाण्याने भरून राहतात, अशा जमिनीला चिबड जमीन म्हणतात. अशा जमिनीत बहुतेक पिकांची मुळे थोड्याच दिवसांत कुजू लागतात. भात, लव्हाळा, पाणकणीस, तिवर इ. वनस्पती मात्र तेथेच जोमाने वाढतात. या फरकाचे कारण पाण्याचे आधिक्य हे नसून ऑक्सिजनाची टंचाई हे आहे. ज्या पोषक विद्रावात सतत हवा सोडली जाते त्यात टोमॅटोसारख्या वनस्पतींची मुळेही बुडालेली असून निरोगी राहतात, यावरून हे स्पष्ट होते.

ऑक्सिजनाच्या अभावाचे परिणाम : मुळांतील जिवंत कोशिकांना (पेशींना) श्वसनासाठी अहोरात्र ऑक्सिजन लागतो. तो एरव्ही मातीतील पोकळ्यांतून मिळतो. परंतु पाण्यातील त्याचे विसरण (रेणू आपोआप पसरण्याची क्रिया) हवेतील विसरणापेक्षा सुमारे १०,००० पट मंद असते. जमिनीत उरलेला ऑक्सिजन मुळे व सूक्ष्मजंतू लवकरच संपवितात. त्यानंतर मुळे किण्वनाचा (आंबण्याच्या क्रियेचा) आश्रय घेतात. ऑक्सिश्वसनात ग्लुकोजाच्या एका रेणूपासून एटीपी या ऊर्जावाहक संयुगाचे सुमारे ३० रेणू मिळतात, तर किण्वनात केवळ २. त्यामुळे साखरेचा साठा झपाट्याने संपतो व कोशिकांतील जीवद्रव्य आम्लधर्मी बनते. या आम्लतेमुळे कोशिकापटलांतील जलमार्ग बंद होतात आणि मुळांचे जलशोषण मंदावते. म्हणूनच गुडघाभर पाण्यात उभे असलेले पीकही कोमेजलेले दिसते.

दरम्यान मातीतील सूक्ष्मजंतू ऑक्सिजनाऐवजी क्रमाने नायट्रेट, मँगॅनीज व लोह यांची ऑक्साइडे आणि सल्फेट यांचा वापर करतात. नायट्रेट नष्ट झाल्याने पाने पिवळी पडतात, तर विद्राव्य लोह व हायड्रोजन सल्फाइड हे पदार्थ साठून मुळांना विषारी ठरतात.

हवेचा अंतर्गत मार्ग : पाणथळ जागी वाढणाऱ्या वनस्पती मुळांना लागणारी हवा मातीतून न घेता स्वतःच्या शरीरातून खाली नेतात. त्यांच्या मुळांच्या मध्यत्वचेत लांबट पोकळ्या असतात. अशा पोकळ्यांनी युक्त ऊतकाला (कोशिकासमूहाला) वायूतक म्हणतात. भाताच्या मुळांत ते मुळातच असते व पाणी साचल्यावर वाढते. मक्याच्या मुळांत ते प्रामुख्याने संकटकाळी तयार होते. मुळांत निर्माण होणारा एथिलीन वायू एरव्ही मातीतून निघून जातो. भोवती पाणी असल्यास तो मुळातच कोंडून राहतो. त्याच्या प्रभावाने मध्यत्वचेतील काही कोशिका मरतात व त्यांच्या जागी पोकळ्या उरतात. काही कोशिकांचा असा बळी देऊन मूळ उरलेल्या कोशिकांना हवा मिळवून देते.

खाली आलेला ऑक्सिजन वाटेतच गळू नये म्हणून भाताच्या मुळांच्या बाहेरील थरांत सुबेरीनयुक्त अडसर तयार होतो. टोकाजवळ तो नसल्याने तेथून ऑक्सिजन बाहेर पडतो व विद्राव्य लोहाचे ऑक्सिडीभवन होते. भाताचे रोप उपटल्यावर मुळांवर दिसणारा तांबूस लेप याच लोहाचा असतो. अनेक वनस्पतींत जुनी मुळे निकामी झाल्यावर खोडाच्या खालच्या पेऱ्यांपासून आगंतुक मुळे फुटतात.

कोकण व गोवा येथील खाड्यांच्या काठी वाढणाऱ्या तिवराची (ॲव्हिसेनियाची) श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलींप्रमाणे सरळ वर येतात. कांदळाच्या (ऱ्हायझोफोराच्या) कमानदार आधारमुळांवर वल्करंध्रे (सालीवरील सूक्ष्म छिद्रे) असतात. १९५५ मध्ये शोलँडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रंध्रे वंगणाने बुजविली, तेव्हा चिखलातील मुळांमधील ऑक्सिजनाचे प्रमाण घटल्याचे आढळले.

संपूर्ण बुडणे : झाड पूर्णपणे पाण्याखाली गेल्यास वरून येणारा हा मार्गही तुटतो. खोल पाण्यातील भाताचे वाण अशा वेळी खोड भराभर लांबवून पाने पाण्यावर आणतात. याउलट ओडिशातील एफआर १३ ए हे वाण वाढ थांबवून अन्नसाठा राखते व पूर ओसरण्याची वाट पाहते. या गुणास कारणीभूत असलेला सब१ए हा जनुक २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात निश्चित करण्यात आला. तो संकराने स्वर्णा या लोकप्रिय भातात आणून तयार केलेले स्वर्णा-सब१ हे वाण भारतात २००९ मध्ये लागवडीस देण्यात आले. ते साधारणतः दोन आठवड्यांपर्यंत बुडून राहूनही पुन्हा वाढू शकते. दीर्घकाळ साचून राहणाऱ्या पाण्यावर मात्र हा उपाय नव्हे.

शेतीतील महत्त्व : तूर, कापूस यांसारख्या पिकांच्या मुळांत हवेचा अंतर्गत मार्ग पुरेसा विकसित होत नाही. विदर्भ व मराठवाडा येथील भारी काळ्या जमिनींत अतिवृष्टीनंतर त्यांचे नुकसान होते ते यामुळेच. अशा जमिनींत रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरणी केल्यास मुळांचा वरचा भाग हवेशीर राहतो. कृष्णेच्या खोऱ्यात उसाला दिलेल्या अतिरिक्त पाण्याने चिबड व खारवट झालेल्या जमिनींत चर किंवा भूमिगत सच्छिद्र नळ घालून निचरा करतात. पाणी साचल्यावर पिकाजवळ अवधी थोडा असल्याने निचऱ्याची सोय पावसाळ्यापूर्वीच करणे इष्ट असते. पाणी ओसरल्यावर नायट्रोजनयुक्त खताची मात्रा दिल्यास झालेली हानी काही अंशी भरून निघते. परंतु मृत मुळे पुन्हा कार्यक्षम होत नाहीत.